नावाची हैबत

मी हैबतराव जगदेवराव अवचार. नाव वाचून तुमच्या डोळ्यांपुढे झुबकेदार मिशांचा कोणी गडी घोड्यावर बसून आला असेल, तर त्याला कृपा करून खाली उतरवा आणि घोडा परत पाठवा. मी सरकारी कचेरीत नकलनवीस आहे. लोक जुन्या कागदांची नक्कल मागतात, मी ती सुवाच्य अक्षरात उतरवून देतो. मूळ कागदात चूक असेल तर चूकसुद्धा जशीच्या तशी उतरवायची, असा नियम आहे. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका वळणदार अक्षरात लिहिल्यावर माणसाची पाठ वाकते, चष्मा जाड होतो आणि एक कोरडा खोकला कायमचा मुक्कामाला येतो. कचेरी वाशीम भागातली आहे एवढंच सांगतो. गावाचं नाव सांगत नाही, कारण मी अजून तिथेच नोकरीला आहे.

विलायतेच्या राजाने एका बाईपायी गादी सोडली, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यातली ही हकिगत. आमच्याकडे नवे साहेब बदलून आले. नागपूरकडचे, तरुण, वाचनाचे शौकीन. पहिल्याच दिवशी त्यांनी आम्हा सगळ्यांना रांगेत उभं केलं आणि हजेरीपटावरून एकेक नाव वाचत चेहरे पाहायला सुरुवात केली. माझं नाव वाचलं आणि ते दाराकडे पाहू लागले. मी त्यांच्या नाकासमोर उभा होतो.

"हैबतराव कुठे आहेत?"

"हजर आहे साहेब," मी म्हणालो, आणि नेमका तेव्हाच मला खोकला आला. तो संपेपर्यंत साहेबांना थांबावं लागलं.

साहेब हसले. साहेब हसले म्हणून बडेबाबू हसले, आणि बडेबाबू हसले की हसणं हा कचेरीचा हुकूम होतो. पंख्याची दोरी ओढणारासुद्धा हसला, त्यामुळे पंखा थांबला आणि माझ्या कानशिलावरून घाम गळू लागला.

"नावाचा अर्थ माहीत आहे का हो तुम्हाला?" साहेबांनी विचारलं.

"नाही" म्हणालो असतो तर गोष्ट तिथेच मिटली असती. पण सरकारी नोकरीने जिभेला एक वळण लागतं. साहेबांनी पाऊस का पडत नाही असं विचारलं तरी तोंडातून निघतं, "चौकशी करून सांगतो साहेब." तेच निघालं.

"छान," साहेब म्हणाले. "सोमवारी सांगा. अर्थ आणि मूळ, दोन्ही."

आता यात घाबरण्यासारखं काय होतं, असं तुम्ही म्हणाल. तर आमचे मुख्य नकलनवीस नुकतेच निवृत्त झाले होते आणि त्यांची खुर्ची रिकामी होती. हात असलेली खुर्ची. मी सगळ्यांत जुना. त्या खुर्चीकडे पाहत मी आजवर पुष्कळ नकला केल्या होत्या. नव्या साहेबांनी दिलेलं पहिलंच काम, मग ते कसलंही असो, नीट झालं पाहिजे होतं.

घरी जाऊन मी बायकोला सांगितलं. कस्तुरा भाकर थापत होती. तिने मान वर केली नाही.

"हैबत म्हंजे भेव," ती म्हणाली. "त्यात चौकशी कायची करता? परवा कवेलूवरून मांजर पडलं तर तुमी हैबत खाऊन बाजेखाली गेलते."

"मी जोडा शोधत होतो," मी म्हणालो.

"जोडा तुमच्या पायात होता."

बायकोशी भाषाशास्त्रावर बोलण्यात अर्थ नसतो. मी ओट्यावर जाऊन बसलो. शेजारचे उकंडराव तिथे दात कोरत बसले होते. हे सरकीची दलाली करतात, आणि सल्ला देण्याची दलाली कोणी न मागता करतात. त्यांच्या आधीची भावंडं जगली नाहीत, म्हणून त्यांना जन्मल्याबरोबर उकिरड्यावर लोळवून आणलं आणि नाव उकंडा ठेवलं. हा माणूस उभा जन्म ते नाव घेऊन छाती काढून हिंडतो आहे.

"मले सांगा हैबतराव," ते म्हणाले, "माह्या नावाचा अर्थ उकिरडा. हे साऱ्याइले ठाऊक हाये. मले आजवर कोन्या साहेबानं इचारलं काय?"

"तुम्हाला साहेब नाही."

"हे बी खरं हाये. मंग असं करा, मुनशीजीकडे जा. नाव मुसलमानी दिसून राह्यलं. त्याइच्या पोथीत असंन."

मुनशी करामत अली उर्दू शाळेतून निवृत्त झालेले गृहस्थ. रोज संध्याकाळी हकिमाच्या दुकानाच्या ओट्यावर ते दाजीशास्त्र्यांबरोबर बुद्धिबळ खेळत. दोघेही सारखेच वाईट खेळत, म्हणून वर्षानुवर्षं कोणी कोणाला सोडलं नव्हतं. मी गेलो तेव्हा डाव रंगात होता, म्हणजे दोघेही झोपले होते.

मुनशीजींना जागं करून मी नाव विचारलं. त्यांचा चेहरा एकदम उजळला. बऱ्याच दिवसांत त्यांना कोणी काही विचारलं नसावं.

"हैबत! वा! अरबी लफ्ज है, हैबतराव. खालिस अरबी. वहां से फारसी में आया, फारसी से हमारे यहां, और यहां से तुम्हारे वालिद के घर में. मतलब डर. लेकिन कैसा डर? चोर का नहीं, सांप का नहीं. बादशाह के दरबार में पांव रखते ही जो घुटनों में होता है, वो हैबत. अल्लाह का नाम लेते वक्त बंदे का दिल जो कांपता है, वो भी हैबत. डर भी, अदब भी, रोब भी."

मी खूश झालो. रोब! कागदावर लिहून घेतलं. मग सहज विचारलं, "म्हणजे ज्याचा दरारा आहे तो, असंच ना?"

मुनशीजी थबकले. दाढीत बोटं घातली.

"हां. या फिर जिसको डर लगता है, वो. अकेले लफ्ज से क्या मालूम पड़े? हैबत जंग होता, सरदारों का खिताब, तो बात साफ थी. अब ये तुम्हारा राव... राव का मतलब शास्त्रीजी से पूछो."

शास्त्रीबुवा एव्हाना जागे झाले होते. आपल्याला दुसऱ्या नंबरावर विचारलं, हे त्यांना आवडलेलं दिसलं नाही.

"राव म्हणजे राजा," ते म्हणाले. "हे झालं प्राकृतात. संस्कृतात राव म्हणजे आवाज, ओरडणं. आता मुनशीजींचा अर्थ घेतला तर तुमच्या नावाचा सरळ विग्रह होतो, भीतीने ओरडणारा."

मी हातातला कागद खाली ठेवला.

"पण तसं नाही," शास्त्रीबुवांनी हात वर केला. "मुळात हा शब्द अरबी नाहीच. हय म्हणजे घोडा. हयपति म्हणजे घोड्यांचा स्वामी. हयपतीचं झालं हैपती, त्याचं हैबती, त्याचं हैबत. शुद्ध संस्कृत. अरबांकडे गेला असेल तो इथूनच. त्यांच्याकडे घोडे असतातच."

"शास्त्रीजी," मुनशीजी शांतपणे म्हणाले, "हमारे घोड़े भी आपके यहां से गये क्या?"

यानंतर जे झालं त्याला मी जबाबदार नाही, पण सगळं गाव मलाच जबाबदार धरतं. आवाज चढले. शास्त्रीबुवांनी पटावरचा घोडा उचलून पुरावा म्हणून दाखवला. मुनशीजी म्हणाले, तो घोडा आधी जागेवर ठेवा, तो माझा आहे. पट उधळला. हकीम बाहेर आले आणि दोघांनाही गुलकंद द्यायला लागले. दुसऱ्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद. ओट्याच्या एका टोकाला हे, दुसऱ्या टोकाला ते, आणि मी बाजारात जायला निघालो की दोन्ही टोकांकडून एकेक नजर येई. शाळेतले मास्तर, पानवाला, न्हावी, सगळ्यांत दोन तट पडले. अरबी आणि संस्कृत. न्हाव्याने माझी अर्धी दाढी करून विचारलं, तुमी सोता कोन्या बाजूनं हाये? आणि उत्तर मिळेपर्यंत वस्तरा तसाच धरून ठेवला. वस्तरा ज्या बाजूचा होता त्या बाजूचा मी झालो.

सोमवारी मी दोन्ही मतं स्वच्छ अक्षरात लिहून साहेबांपुढे ठेवली. साहेबांनी कागद पाहिला.

"हे काय आहे?"

"अर्थ आणि मूळ साहेब. आपण फर्मावलं होतं."

"मी?" साहेब आठवू लागले. त्यांना काही आठवत नव्हतं. दोन विद्वानांची मैत्री तुटली, मी न्हाव्याच्या हाताखाली धर्म बदलला, आणि साहेबांना आठवतसुद्धा नव्हतं! मग त्यांनी वाचलं आणि त्यांना पुन्हा हसू आलं.

"म्हणजे हैबतराव, लोक तुम्हाला भितात की तुम्ही लोकांना, हे अजून नक्की नाही?"

हे वाक्य बाहेर व्हरांड्यापर्यंत ऐकू गेलं. त्या दिवसापासून कचेरीत दार आपटलं, दौत पडली, कोणी शिंकलं, की चार टेबलांवरून आवाज येई, "हैबत!" मी दचकत असे. दचकलो की हसत. न दचकायचं ठरवून बसलो की दौत पडायच्या आधीच दचकत असे. घरी येऊन मी भिंतीकडे तोंड करून पडून राही. कस्तुरा म्हणाली, "बदलून टाका ना मंग ते नाव. पोरीच्या लग्नात बी पत्रिकेवर बरं दिसन." आणि ओट्यावरून उकंडरावांनी साथ दिली, "बदला बदला. मानूस मोटर बदलते, नाव काय चीज हाये!" उकंडरावांनी आजवर मोटर दुरूनच पाहिली होती.

मी दमलो होतो. दमलेला माणूस कोणाचंही ऐकतो. शास्त्रीबुवांनी सुचवलेलं 'हयपतराव' हे नाव मला त्यातल्या त्यात सोयीचं वाटलं. दोनच अक्षरांचा फरक; सहीसुद्धा फारशी बदलायला नको. मी अर्ज लिहिला. आयुष्यात स्वतःचा म्हणून लिहिलेला तो माझा पहिला कागद.

बडेबाबूंनी तो तीन बोटांत धरला. बडेबाबू वाईट मनुष्य नाहीत. फक्त कोणताही कागद पुढे सरकला की त्यांच्या पोटात दुखतं.

"कारण लिहिलेलं नाही."

मी कारण लिहिलं: नावाचा अर्थ संदिग्ध असल्यामुळे.

"सध्याचं नाव खरंच तुमचं आहे, याला पुरावा?"

"बडेबाबू, तुम्ही मला रोज हाक मारता."

"मी रोज चुकत असेन. नाव ठेवलं कोणी?"

"आत्याने. सोजरबाई. वारल्या."

"मग ठेवलं त्या वेळी हजर कोण होतं? त्याचा जबाब पाहिजे. उद्या तुम्ही म्हणाल हयपतराव, परवा तुमचे वडील येऊन म्हणतील आमचा हैबतराव कुठे गेला, तर कचेरीने काय उत्तर द्यायचं?"

वडील मेडशीला होते. मी म्हणालो, रजा द्या, जाऊन विचारून येतो. बडेबाबू म्हणाले, विचारून येणं हा पुरावा नाही, समन्स काढावं लागेल. आणि समन्स काढलं. त्याची नक्कल करण्याचं काम अर्थातच माझ्याकडे आलं. 'इसम नामे जगदेवराव, राहणार मेडशी, यास कळविण्यात येते की, हैबतराव याचे बाबतीत जबाब देणेकामी जातीने हजर राहावे, कसूर केल्यास कायदेशीर इलाज करण्यात येईल.' माझ्या बापाला धमकी द्यायची आणि तीही माझ्याच वळणदार अक्षरात! मी ती लिहिली. काना-मात्रा चुकली नाही.

मेडशीत कोतवालाने तो कागद माझ्या वडिलांना चावडीपुढे वाचून दाखवला. कोतवालाला अर्धंच वाचता येतं. त्याने 'हैबतराव याचे बाबतीत', 'जबाब' आणि 'कायदेशीर इलाज' एवढं वाचलं आणि टोपी काढली. अर्ध्या तासात गावभर झालं की जगदेवाच्या लेकाने सरकारी पैसा खाल्ला आणि त्याला बेडी पडली. खून केला असंही एका आळीत होतं. माझ्याविषयी गावाने एवढा मोठा अंदाज पूर्वी कधी बांधला नव्हता.

तारखेच्या दिवशी सकाळी कचेरीच्या आवारात एक बैलगाडी आली. गाडीत माझे वडील, त्यांच्याबरोबर गावचे दोन म्हातारे, ज्वारीचं अर्धं पोतं आणि घोंगडी. पोतं तुरुंगात माझे हाल होऊ नयेत म्हणून. वडील मोटरीत बसत नाहीत. रात्रभर गाडी हाकून आले होते. वय झालेलं, कानाला कमी ऐकू येतं, पायांना सूज. मला व्हरांड्यात मोकळा उभा पाहून ते जवळ आले आणि त्यांनी आधी माझी दोन्ही मनगटं चाचपून पाहिली.

"सोडलं तुले?"

"बा, मला धरलंच नव्हतं."

"मंग मले काहून बलावलं?"

"नावासाठी."

"कोनाच्या गावासाठी?"

मी पुन्हा सांगितलं, मोठ्याने. व्हरांड्यात गर्दी होती. मुनशीजी आणि दाजीशास्त्रीही आले होते. दोघे एकाच बाकावर बसले होते. त्यांचा डाव परवाच पुन्हा सुरू झाला होता, कारण इतकं वाईट खेळणारा दुसरा माणूस दोघांनाही गावात मिळाला नाही. म्हणजे भांडण मिटलं होतं आणि त्यातून निघालेला अर्ज मात्र माझ्या गळ्यात राहिला होता.

आत साहेब खुर्चीवर, बडेबाबू लेखणी घेऊन. वडिलांना शपथ दिली. त्यांनी ती साहेबांना नमस्कार समजून दोन्ही हात जोडून घेतली.

"या इसमाचं नाव हैबतराव का ठेवलं?" बडेबाबूंनी ओरडून विचारलं.

वडिलांनी माझ्याकडे पाहिलं. "याले ठाऊक नाई?"

"त्यांना अर्थ ठाऊक नाही," साहेब म्हणाले. "त्यांनी सगळ्या गावात विचारला."

"साऱ्या गावाले इचारलं," वडील हळूच म्हणाले. "मलेच तेवढं नाई."

मी खाली पाहिलं. माझ्या जोड्याचा टाका गेला होता.

"साहेब," वडील सांगू लागले, "संवत छप्पनचा दुष्काळ सरला आन् दुसऱ्या साली पानी असं पडलं, का नदी दोन्ही थड्या सोडून वाहे. श्रावन होता. याची माय अडली. पह्यलं बाळंतपन, सारी रात गेली, काई सुटका नाई. सुईन प्रयागबाई, ते राहे पल्याड. आता तिले आनाव कसं? भोयाचे दोन गडी म्हने, गुळाची काहील घेऊ, रस आटवाची मोठी कढई, आमी पोहत ढकलतो. तशी लोखंडी काहील पान्यावर तरते साहेब. पन तिच्यात एका बाजूनं बाई बसली तर ते कलंडते. समोर वजनाले एक मानूस पाह्यजे."

"सबब वजनाकरिता एक इसम आवश्यक होता," बडेबाबू लिहीत म्हणाले.

"माह्या वाड्यात तवा एक पिंजारी रजईचा कापूस पिंजून राह्यला होता. हैबत त्याचं नाव. पल्याडच्या गावचा, पुरानं अटकला होता. साहेब, त्याच्यावानी भेकड मानूस म्या जल्मात पाह्यला नाई. कोंबडी फडफडली का हा उठून उभा राहे. गाईले भे, पालीले भे, माह्या मायले तर लयच भे. पान्याजवळ कधी जाये नाई. हातपाय धुवाचे तर लोटा आनून वसरीवर धुये."

व्हरांड्यातून कोणी तरी हसलं. वडिलांना ऐकू आलं नाही.

"नदीवर सारं गाव जमलं. भोई म्हने, कोन बसते? कोनी पुढे होये नाई. बापे लोक आपले एकमेकाच्या मांगं. मी बाप ना साहेब, माही बायको मरून राह्यली. आन् मी बाभळीले धरून उभा. पाय लागले कापाले. पाऊल उचलेच ना." बडेबाबूंची लेखणी थांबली. "तवा हा हैबत आला. त्याच्या दाढीत कापूस. मले इचारते, जगदेवभाऊ, पानी लय खोल है क्या? म्या म्हनलं, हो. तो म्हने, अच्छा. आन् जाऊन बसला काहीलीत."

"बसला?" साहेबांनी विचारलं.

"बसला. दोन्ही हातानं काठ धरला, डोये गच्च मिटले. काहील गिरगिर फिरे भवऱ्यात. पल्याड गेला, प्रयागबाईले समोर बसवलं, वापस आला. ते बाई वाटभर त्याले शिव्या देऊन राह्यली, का मेल्या डोये उघड, माह्यावर पडशीन. हा काई डोये उघडे नाई. अल्याड लागल्यावर बाई उतरली, पन याचे हात सुटेच ना. बोटं काठाले चिकटले ते चिकटले. आमी वढलं, तेल लावलं, काई नाई. मंग काहीलीसकट उचलला चौघाइनं आन् घरी आनून आंगनात ठेवला. प्रयागबाई आत, हा भाईर काहीलीत बसलेला, वरून पानी पडून राह्यलं, आन् आमी त्याच्यावर पोतं धरून उभे."

"पुढे काय झालं?" हे साहेब विचारत होते, बडेबाबूंच्या आधी.

"पुढे हा रडला." वडिलांनी माझ्याकडे बोट केलं. "आतून रडन्याचा आवाज आला, आन् हैबतचे हात सुटले. आपोआप. उठला, मले म्हने, कापूस भिजला असंन. माह्या बहिनीनं, सोजरनं, बाराव्या दिवशी पोट्ट्याच्या कानात त्याचंच नाव सांगतलं. कोनाले इचारलं नाई. कोनी नाई बी म्हनलं नाई."

मला एक म्हातारा पिंजारी आठवत होता. मी लहान असताना आमच्या वसरीवर येऊन बसायचा, माझा अंगठा धरून म्हणायचा, "मेरा नाम वापस दे, नहीं तो गुड़ दे." मी गूळ देत असे. हा मनुष्य कोण, असं मी कधी विचारलं नाही. लहानपणी आपल्याला वाटतं, घराला दार असतं तसे पिंजारीही असतात.

"तो परत गेला का आपल्या गावाला?" साहेबांनी विचारलं.

"नाई ना साहेब. पूर उतरला, उन्हाळा आला, नदीत नुसते गोटे राह्यले, तरी तो पल्याड गेला नाई. म्हने, एकदा झालं ते झालं. बायको-लेकरं इकडंच आनले. मेडशीतच मेला."

बडेबाबूंनी घसा साफ केला. "तात्पर्य, नावाचा अर्थ काय, ते सांगा. जबाबात तो रकाना आहे."

"कायचा अर्थ?"

"हैबत या नावाचा."

वडिलांनी बडेबाबूंकडे पाहिलं. शहरात शिकलेल्या लोकांना काही गोष्टी पुन्हा सांगाव्या लागतात, हे त्यांना माहीत असावं.

"हैबत म्हंजे हैबत पिंजारी," ते म्हणाले. "आता सांगतलं ना."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. या वेळी ते हसले नाहीत. "तुमच्या अर्जाचं काय करायचं?"

मला खोकला आला. तो संपल्यावर मी म्हणालो, "मागे घ्यायचा आहे साहेब."

"त्याला वेगळा अर्ज लागेल," बडेबाबू म्हणाले. "कारणासह."

मी माझ्या टेबलाशी जाऊन बसलो आणि कागद पुढे ओढला. हात असलेली ती खुर्ची पुढे अकोल्याहून आलेल्या एका गृहस्थांना मिळाली, हेही इथेच सांगून टाकतो. म्हणजे तुम्ही उगाच वाट पाहायला नको. वडील बाहेर लिंबाखाली आपल्या सोबत्यांजवळ जाऊन टेकले होते. व्हरांड्यातली गर्दी जागची हलली नव्हती. 'अर्ज करतो ऐसा की' एवढं लिहून मी कारणापाशी अडलो. कारण काय लिहावं, हे कोणत्याच जुन्या कागदात सापडण्यासारखं नव्हतं.

तेवढ्यात आवारातून हाक आली. ऐकू कमी येणाऱ्या माणसाची हाक. वेशीपर्यंत गेली असेल.

"हैबत्या! अरे हैबत्या!"

सगळ्या टेबलांवरच्या माना वर झाल्या. साहेबांच्या खोलीचा पडदा हलला. कोणाची तरी दौत खाली पडली आणि फुटली. मी दचकलो, हे कबूल आहे. मग उठलो, खिडकीशी गेलो आणि वडिलांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने ओरडलो, "ओ, बा!"

"चुना हाये काय रे तुह्या कचेरीत? तंबाखू हाये, चुना सरला!"

कचेरीत चुना होता, पण तो भिंतीला लावलेला. मी टोपी घातली. कामाच्या वेळात, रजेची चिठ्ठी न लिहिता, बडेबाबूंच्या टेबलापुढून सरळ दाराकडे निघालो. दारात साहेब उभे होते.

"कुठे हैबतराव?"

"चुना आणायला," मी म्हणालो, आणि थांबलो नाही.